नर्सिंग संशोधनाचे राष्ट्रीय अग्रक्रम: यादी कशी करावी आणि ती कुठे फसते

तापतक्ता (धागाकर्ता)

देशपातळीवर नर्सिंग संशोधनाचे अग्रक्रम ठरवायचे म्हटले की नेहमीचा प्रकार असा: वीसेक जाणकार एका खोलीत बसतात आणि संध्याकाळपर्यंत "वेदनाशमन, संसर्ग नियंत्रण, वृद्धांची शुश्रूषा, मानसिक आरोग्य, मनुष्यबळ, नर्सिंग शिक्षण, सेवेची गुणवत्ता" अशी यादी तयार होते. या यादीत न बसणारा एक तरी प्रबंध दाखवा. जिच्या आधारे कशालाच नाही म्हणता येत नाही, ती यादी अग्रक्रमाची कसली?

हा धागा पद्धतीबद्दल आहे. अमुक विषय महत्त्वाचा की तमुक, हा वाद इथे नको. तो वाद नीट व्हावा म्हणून आधी काय करायचं, ते लिहू.

पहिल्या बैठकीतच, कुणी एकही विषय सुचवण्याआधी, पाच गोष्टी कागदावर याव्यात.

एक, यादी कुणासाठी? निधी देणाऱ्यांसाठी, पीएचडीच्या मार्गदर्शकांसाठी की आरोग्य खात्यासाठी? तिघांना एकच यादी पुरत नाही.
दोन, मुदत. पाच वर्षं ठीक. दहा वर्षांची यादी तिसऱ्या वर्षीच शिळी होते.
तीन, आवाका. रुग्णसेवेतले प्रश्न, मनुष्यबळाचे प्रश्न आणि शिक्षणाचे प्रश्न एकाच तराजूत घालू नयेत. घातले तर शिक्षणाचे प्रश्न वर येतात, कारण मत देणाऱ्यांत प्राध्यापक जास्त असतात.
चार, यादीतला घटक कोणता: विषय की प्रश्न? माझं मत प्रश्न.
पाच, निकष आणि एकमताची व्याख्या. उत्तरं आल्यावर व्याख्या ठरवली की ती हव्या त्या निकालाला शिवून दिल्यासारखी दिसते. बहुतेकदा तशी असतेही.

व्हिएरगेव्हर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आरोग्य संशोधनाच्या अग्रक्रमांसाठी नऊ मुद्द्यांची तपासणी यादी मांडली. संदर्भ, सर्वसमावेशकता, माहिती गोळा करणं, निकष, अंमलबजावणीचं नियोजन, पारदर्शकता वगैरे. तीतले अंमलबजावणी आणि मूल्यमापन हे दोन मुद्दे सगळ्यात जास्त वगळले जातात. त्यांवर खाली बोलूच.

शंकासूर

मुळात नर्सिंगसाठी वेगळी यादी हवी कशाला? आरोग्य संशोधनाची राष्ट्रीय यादी असतेच. तिच्यातलं नर्सिंगचं उचला.

तापतक्ता

उचलायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. त्या याद्या बहुधा रोगांप्रमाणे लावलेल्या असतात: हृदयरोग, क्षयरोग, कर्करोग, मधुमेह. नर्सिंगचे प्रश्न या रकान्यांना आडवे जातात. झोप न लागणं, पडणं, बेडसोर, भरवणं, तोंडाची स्वच्छता, शिफ्ट बदलताना गळणारी माहिती, घरी सोडताना दिलेल्या सूचना न कळणं, वेळ नाही म्हणून राहून गेलेली शुश्रूषा. हे प्रत्येक वॉर्डात आहे, म्हणून कुठल्याच रोगाच्या नावावर चढत नाही. रोगभारावर (रोगामुळे होणारे मृत्यू आणि अपंगत्व) गुण देणाऱ्या पद्धतीत तर हे प्रश्न मान खाली घालूनच येतात.

आणि या कामाचा व्याप बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगात २ कोटी ७९ लाख परिचारिका-परिचारक असल्याची नोंद आहे. एवढी माणसं रोज जे करतात त्यातलं कशाला पुरावा आहे आणि कशाला नाही, हे कुणीतरी वेगळं बसून तपासायला नको?

रात्रपाळी

प्रश्न गोळा करण्याबद्दल लिहिते, कारण निम्मी यादी तिथेच बिघडते.

"तुमच्या मते नर्सिंग संशोधनाचे अग्रक्रम कोणते?" असं विचारलं की लोक परीक्षेतलं उत्तर देतात. "गुणवत्ता." "रुग्णसुरक्षा." विचारायचं असं: *गेल्या महिन्यात कामात असा कुठला प्रसंग आला की काय करणं बरोबर ते कळेना, आणि शोधूनही पक्कं उत्तर मिळालं नाही?* रुग्णांना आणि नातेवाइकांना वेगळ्या शब्दांत: *शुश्रूषेतल्या कुठल्या गोष्टीबद्दल तुम्हाला उत्तर हवं होतं आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं?*

उत्तरासाठी तीन मोकळ्या चौकटी पुरेत. दहा दिल्या तर चौथीपासून उगाच भर घालणं सुरू होतं.

फॉर्म फक्त ईमेलने पाठवला तर उत्तरं कॉलेजांतून येतात. वॉर्डासाठी कागदी फॉर्म आणि बंद पेटी ठेवा. फॉर्म इन्चार्जच्या हाती परत द्यायचा नाही, ही अट महत्त्वाची. नाहीतर "सगळं छान आहे" एवढंच मिळतं. शिफ्ट बदलायच्या अर्ध्या तासात फॉर्म वाटू नका, तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. रात्रपाळी, ग्रामीण केंद्रं, घरी जाऊन सेवा देणाऱ्या, मनोरुग्णालयं आणि सहायक परिचारिका यांचे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा आणि दर आठवड्याला मोजा. एखादा रकाना दोन आठवडे रिकामा राहिला तर मुदत संपायची वाट न बघता तिथे माणूस पाठवा. मुदत वाढवून उपयोग नसतो, ज्यांनी आधी भरला तेच पुन्हा भरतात.

आता एक उत्तर जवळून बघू. समजा असं आलं:

"दर दोन तासांनी कूस बदला म्हणतात. रात्री आम्ही दोघी, पेशंट चाळीस. कुणाकुणाची बदलायची?"

घाईत काम करणारा याला "बेडसोर प्रतिबंध" असा शिक्का मारतो, आणि प्रश्न तिथेच मेला. नीट वाचलं तर यात तीन प्रश्न आहेत:

१. धोका असलेल्या रुग्णांची कूस दर दोन तासांऐवजी चार तासांनी बदलली तर नव्या बेडसोरचं प्रमाण वाढतं का?
२. सगळ्यांची बदलणं शक्य नसेल तेव्हा आधी कुणाची, हे कुठल्या मोजपट्टीने विश्वासार्हपणे ठरवता येईल?
३. रात्रीच्या शिफ्टमध्ये एका परिचारिकेमागे किती रुग्ण झाले की कूस बदलणं राहून जायला लागतं?

पहिला शुश्रूषेचा, दुसरा मोजमापाचा, तिसरा मनुष्यबळाचा. तिघांना लागणारा अभ्यासही वेगवेगळा. प्रश्नात निदान चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: कोणते रुग्ण, काय करायचं, कशाशी तुलना, काय मोजायचं. चौथी नेहमी राहते.

हे वाचून प्रश्नात रूपांतर करायचं काम दोघींनी स्वतंत्रपणे करावं आणि मग ताडून पाहावं. पहिल्या शंभर उत्तरांत मतभेद खूप निघतात. ते मिटवताना जे नियम ठरतात ते लिहून ठेवा, पुढच्या हजारांना तेच लावायचे.

अडगळ

ज्या उत्तरांत प्रश्न नसून नुसती तक्रार असते त्यांचं काय? पगार, बदल्या, गणवेश. आवाक्याबाहेर म्हणून फेकायची?

रात्रपाळी

फेकायची नाहीत. वेगळ्या सांकेतिक क्रमांकाने नोंदवायची, मोजायची आणि ज्या खात्याचा विषय आहे त्याला आकड्यांसकट द्यायची. शिवाय तक्रारीत प्रश्न दडलेला असतो, वरचं उदाहरण मुळात तक्रारच आहे.

ग्रंथकीटक

पुढची पायरी पुराव्याची तपासणी. ही वगळली की यादीत उत्तर मिळालेले प्रश्न येऊन बसतात आणि त्यांवर पुन्हा पैसे खर्च होतात. चामर्स आणि ग्लाझिऊ यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अंदाज मांडला होता की वैद्यकीय संशोधनातली सुमारे ८५ टक्के गुंतवणूक वाया जाते. त्याच्या कारणांत पहिलंच कारण चुकीचा किंवा आधीच सुटलेला प्रश्न निवडणं हे होतं.

ब्रिटनमधल्या जेम्स लिंड अलायन्सच्या (रुग्ण, नातेवाईक आणि उपचार करणारे यांना एकत्र बसवून संशोधनाचे अग्रक्रम ठरवणारा उपक्रम) पद्धतीत प्रत्येक प्रश्न अलीकडच्या पद्धतशीर आढाव्यांवर (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून तोलणारे आढावे) ताडून पाहतात, आणि खरोखर अनिश्चित असेल तोच पुढे जातो. आपण तीन टोपल्या कराव्यात.

उत्तर आहे. उदाहरणार्थ, सलाइनचा कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) दर तीन दिवसांनी बदलावाच का? ऑस्ट्रेलियातल्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर झालेली चाचणी २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. नेमाने बदलणं आणि गरज पडेल तेव्हाच बदलणं, दोन्ही गटांत शिरेला सूज येण्याचं प्रमाण ७ टक्के. हा प्रश्न सर्वेक्षणात शंभर वेळा आला तरी तो संशोधनाचा अग्रक्रम नाही, अंमलबजावणीचा आहे. त्याची वेगळी यादी काढून प्रशासनाला द्या. खरं सांगायचं तर देशाला त्या यादीचा फायदा लवकर होतो.

अर्धं उत्तर आहे. रात्रपाळी यांचा प्रश्न १ यातला. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममध्ये ९४२ वृद्धांवर झालेल्या चाचणीत (२०१३) दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलण्यात बेडसोरच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. पण ते सगळे चांगल्या घनतेच्या फोमच्या गादीवर होते, आणि ते होते वृद्धनिवासातले रहिवासी. साध्या गादीवरच्या, ताप असलेल्या, नुकत्याच ऑपरेशन झालेल्या रुग्णाला ते लागू करता येत नाही. म्हणजे प्रश्न जिवंत आहे, पण आता तो असा लिहायला हवा: "साध्या गादीवरच्या, अंथरुणाला खिळलेल्या, वॉर्डातल्या प्रौढ रुग्णांत..." तपासणीने प्रश्न बाद झाला नाही, त्याला टोक आलं.

उत्तर नाही. यात टाकण्यापूर्वी निदान दोन डेटाबेस आणि चालू चाचण्यांची नोंदवही बघावी. चालू चाचणी सापडली तर प्रश्नासमोर तशी खूण करा.

किती काम असतं? हजारभर उत्तरांतून एकसारखी एकत्र करून साठ ते शंभर प्रश्न उरले, आणि एका प्रश्नाला एका ग्रंथपालाचा नि एका परिचारिकेचा दीड दिवस धरला, तरी कामाचे नव्वद ते दीडशे दिवस जातात. वेळापत्रकात "पुरावा तपासणी: दोन आठवडे" दिसलं की समजायचं, ती होणार नाही.

शंकासूर

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? डेल्फायच्या (जाणकारांची मतं फेऱ्याफेऱ्यांनी घ्यायची पद्धत) तीन फेऱ्या घ्या आणि मोकळे व्हा. १९७५ मध्ये लिंडमन यांनी अमेरिकेत रुग्णसेवेतल्या नर्सिंग संशोधनाचे अग्रक्रम डेल्फायनेच काढले होते. तेव्हापासून कित्येक देशांनी तेच केलंय.

सरासरी_नव्हे_मध्यक

डेल्फाय वाईट नाही, बहुतेकदा वाईट चालवली जाते. अमेरिकेतल्या रँड संस्थेत १९५० च्या दशकात ती तयार झाली. गाभा तीन गोष्टींचा: नाव न कळता मत देणं, गटाचं मत आकड्यांत परत कळवणं, आणि ते पाहून आपलं मत बदलायची मुभा. यातलं एक गळलं तरी उरतो तो नुसता तीनदा पाठवलेला सर्व्हे.

कुठे घसरते ते सांगतो.

*छताला चिकटणं.* पाच गुणांच्या पट्टीवर ऐंशी प्रश्न दिले की सत्तर प्रश्नांना ४ आणि ५ मिळतात. कुठली परिचारिका म्हणेल की पडणं रोखणं "महत्त्वाचं नाही"? मग ४.६२ आणि ४.५८ यांत क्रम लावायची वेळ येते, आणि तो फरक निव्वळ गोंगाट असतो. उपाय: पहिली फेरी पट्टीवर घ्या, पण दुसरीत प्रत्येकाला नेमके दहा निवडायला सांगा किंवा १०० गुण वाटून द्यायला सांगा. काहीतरी सोडावं लागल्याशिवाय अग्रक्रम दिसत नाही.

*एकमताची व्याख्या.* ७० किंवा ७५ टक्के लोकांनी ४-५ दिले म्हणजे एकमत, असं सर्रास धरतात. त्यासोबत मध्यक (मधोमधचा गुण) बघा, आणि चतुर्थक-अंतर (मधल्या निम्म्या गुणांचा पसारा) १ किंवा कमी, अशी दुहेरी अट घाला. आणि पहिल्या फेरीआधी ती लिहून जाहीर करा.

*गळती.* १५० जणांपासून सुरुवात केली आणि दर फेरीला ८० टक्के टिकले तर तिसऱ्या फेरीत ९६ उरतात. आकडा वाईट नाही, पण गेले कोण? बहुधा वॉर्डातले. उरलेल्यांत प्राध्यापक जास्त, म्हणून तिसऱ्या फेरीत "एकमत" वाढतं. लोकांचं मत बदललं म्हणून नव्हे, वेगळं मत असलेले निघून गेले म्हणून. प्रत्येक फेरीनंतर टिकलेल्यांची कामाच्या जागेनुसार टक्केवारी छापा, आणि तिन्ही फेऱ्या पूर्ण करणाऱ्यांचे पहिल्या फेरीतले गुण वेगळे काढून बघा. खरा बदल तिथेच कळतो.

*फेऱ्यांमधलं अंतर.* चार आठवड्यांपेक्षा जास्त गेलं की लोक आधी काय लिहिलं ते विसरतात. सातव्या आणि चौदाव्या दिवशी आठवण, त्यानंतर फोन. चौथी फेरी घेऊ नका, लोक कंटाळून मधला गोल रंगवतात.

अडगळ

सीएचएनआरआय या निकषवार गुण देऊन क्रम लावायच्या पद्धतीबद्दल कुणी लिहील का? बालआरोग्यासाठी तयार झाली होती ना?

सरासरी_नव्हे_मध्यक

हो, बालआरोग्य आणि पोषणासाठी. नंतर ती इतर विषयांतही पसरली. तिचा फायदा असा की प्रश्न का वर आला ते दिसतं. प्रत्येक प्रश्नाला पाच निकषांवर गुण: उत्तर मिळण्याजोगा आहे का, मिळालेला उपाय परिणामकारक ठरेल का, तो प्रत्यक्ष पोचवता येईल का, रोगभार किती कमी होईल, आणि विषमता कमी होईल का. गुण देणारा "हो" साठी १, "नाही" साठी ०, "सांगता येत नाही" साठी ०.५ लिहितो. आपल्याला या विषयातलं कळतच नाही असं वाटलं तर चौकट रिकामी सोडतो.

कूस बदलण्याच्या प्रश्नावर करून दाखवतो, आकडे काल्पनिक. पहिल्या निकषावर २० जणांपैकी १२ हो, ४ सांगता येत नाही, २ नाही, २ रिकामे. गुण = (१२ + २) ÷ १८ = ७७.८ टक्के. भागाकार १८ ने, २० ने नाही. इथेच गफलत होते: एक्सेलमध्ये रिकाम्या चौकटीत कुणीतरी शून्य भरतं आणि ७७.८ चे ७० होतात. ज्या प्रश्नाचे जाणकार कमी, त्याला नकळत दंड बसतो.

समजा पाचही निकषांचे गुण ७७.८, ६१, ८३, ४० आणि ८८ आले. सरासरी ७०. चौथा निकष, म्हणजे रोगभार, ४० वर अडकलाय. तापतक्ता म्हणतात ती मान खाली घालणं हेच. आता रोगभाराचं वजन निम्मं केलं आणि पोचवता येणं व विषमता यांना सव्वापट दिलं तर तोच प्रश्न ७४.५ वर जातो. ऐंशी प्रश्नांच्या यादीत साडेचार गुणांनी एखादा प्रश्न सहज दहा-बारा जागा वर चढेल.

म्हणून वजनं कुणी ठरवली हे विचाराच. मूळ पद्धतीत ती तज्ज्ञ ठरवत नाहीत, समाजातल्या व्यापक गटाकडून घेतात. आणि वजनं लावलेली व न लावलेली, दोन्ही क्रमवाऱ्या छापतात.

नर्सिंगसाठी चौथा निकष बदलावा असं माझं मत. "रोगभार किती कमी होईल" ऐवजी "टाळता येण्याजोगी इजा, यातना किंवा परावलंबन किती कमी होईल" असं.

तापतक्ता

निकष बदलला की दुसऱ्या शाखांच्या याद्यांशी तुलना करता येणार नाही, आणि निधी देणारे नेमकी तीच मागतात. मी मूळ निकष ठेवून सहावा जोडेन.

सरासरी_नव्हे_मध्यक

जोडलात तर एकाच गोष्टीला दोनदा गुण जातील. बेडसोर हा रोगभारही आहे आणि टाळता येण्याजोगी इजाही. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय, चालेल.

ग्रंथकीटक

मत कुणाचं धरायचं, हा वादाचा खरा मुद्दा अजून आला नाही. १,८०० परिचारिका आणि ९० रुग्ण यांनी मत दिलं आणि सरळ बेरीज केली, तर रुग्णांचा वाटा ५ टक्क्यांहून कमी. त्यांनी मत दिलं काय, न दिलं काय. जेम्स लिंड अलायन्सच्या मधल्या सर्वेक्षणात गटवार क्रम वेगळे काढतात आणि प्रत्येक गटाचे वरचे प्रश्न अंतिम बैठकीत नेतात. तसंच करावं: रुग्ण व नातेवाईक, वॉर्डातल्या परिचारिका, समाजात काम करणाऱ्या, आणि शिक्षक-संशोधक, असे चार क्रम. ज्या प्रश्नावर दोन गटांत वीस जागांचा फरक असेल तो बाजूला काढून मुद्दाम चर्चेला घ्या. सरासरी काढली की नेमका तोच प्रश्न मधोमध जाऊन दिसेनासा होतो.

आणखी एक. त्यांच्या पद्धतीत केवळ संशोधक असलेल्यांना मत नसतं, औषध आणि उपकरण कंपन्यांनाही नसतं. कारण उघड आहे: प्रत्येक संशोधकाला आपला विषय राष्ट्रीय महत्त्वाचा वाटतो.

रात्रपाळी

अनुमोदन. अंतिम बैठकीबद्दल थोडं.

१८ ते २५ प्रश्न, प्रत्येक प्रश्न एका जाड कार्डावर. पुढे प्रश्न साध्या भाषेत, मागे पुराव्याची दोन ओळींत स्थिती आणि कुठल्या गटाने कितवा लावला ते. २५-३० माणसं, तीन टेबलं, प्रत्येक टेबलावर सगळ्या प्रकारची माणसं आणि तटस्थ संचालक. त्या संचालकाचा विषयात रस नसावा, हे पथ्य पाळाच.

बोलायला सुरुवात रुग्ण आणि नातेवाइकांनी करायची. पहिलं वाक्य मेट्रनचं आलं की स्टाफ नर्स तेच पुन्हा म्हणते. एकाच संस्थेतल्या वरिष्ठ-कनिष्ठांना एका टेबलावर बसवू नका, ही बसण्याची यादी आदल्या दिवशी करायची.

आधी कार्डांचे तीन ढीग: वरचे, मधले, खालचे. मग ढिगांतला क्रम. तिन्ही टेबलांचे क्रमांक बेरजेने एकत्र करून जेवणाच्या सुट्टीत नवी क्रमवारी तयार होते. दुपारी माणसांची अदलाबदल करून नवी टेबलं, पुन्हा क्रम, पुन्हा बेरीज. शेवटी सगळे मिळून पहिले दहा.

सांभाळायचं काय? "हे दोन जोडून एक करू या" ही सूचना. दुपारी चारला हमखास येते, सगळ्यांना आवडते, आणि अकरावा-बारावा प्रश्न दहाच्या आत घुसतो. जोडलेला प्रश्न कुणी तपासलेला नसतो. जोडणी करायचीच तर सकाळी, क्रम लावण्याआधी.

शंकासूर

बरं, पण हे सगळं "प्रश्न हवेत, विषय नकोत" यावर उभं आहे. अमेरिकेची राष्ट्रीय नर्सिंग संशोधन संस्था बघा. १९८६ मध्ये केंद्र म्हणून सुरू झाली, १९९३ मध्ये पूर्ण संस्था. २०२२ ते २०२६ च्या आराखड्यात त्यांनी प्रश्नांची यादी दिलीच नाही. पाच भिंगं दिली: आरोग्यातली समता, आरोग्याचे सामाजिक निर्धारक, लोकसंख्या व समुदायाचं आरोग्य, प्रतिबंध व आरोग्यसंवर्धन, आणि सेवेच्या व्यवस्था व प्रारूपं. ते तर विषयांहूनही ढोबळ.

तापतक्ता

हा मुद्दा बिनतोड आहे, पण त्या भिंगांमागे काय आहे ते बघा. स्वतःचं अंदाजपत्रक आहे, अर्ज येतात, तज्ज्ञांची समिती एकेक अर्ज तपासून गुण देते. म्हणजे निवड होतेच, फक्त यादीत न होता समितीत होते. ज्या देशात नर्सिंग संशोधनाला वेगळी तिजोरी नाही, पैसे चार खात्यांत विखुरलेले आणि बहुतेक संशोधन म्हणजे पदव्युत्तर प्रबंध, तिथे भिंग देऊन काय उपयोग? त्यातून बघणारं कुणी नाही. तिथे यादीनेच नाही म्हणायचं काम करायला हवं.

शंकासूर

हे पटलं. यादी किती बारीक हवी ते मागे निवड करणारं कुणी आहे की नाही यावर.

सरासरी_नव्हे_मध्यक

आता यादीनंतरचं. प्रत्येक प्रश्नासाठी एक पान लिहा: कुठला अभ्यास, किती रुग्ण, किती वॉर्ड, किती वर्षं, कोण करू शकेल. हे पान नसलं की राष्ट्रीय अग्रक्रमावर साठ-साठ रुग्णांचे चाळीस प्रबंध होतात आणि उत्तर काही मिळत नाही.

आपल्याच प्रश्नाचं गणित. समजा साध्या गादीवर बेडसोरचं प्रमाण ८ टक्के आहे, आणि चार तासांचं अंतर दोन तासांपेक्षा फार तर २ टक्क्यांहून जास्त वाईट नाही हे दाखवायचं आहे. ८० टक्के सामर्थ्य (खरंच तसं असेल तर चाचणीत ते दिसायची शक्यता), २.५ टक्के एकतर्फी चूक (तसं नसताना आहे म्हणायची शक्यता); या दोहोंतून ७.८५ हा गुणक येतो. एका गटात रुग्ण:

७.८५ × २ × ०.०८ × ०.९२ ÷ (०.०२ × ०.०२) = सुमारे २,८९०.

पण कूस बदलण्याचं वेळापत्रक रुग्णागणिक वेगळं ठेवणं अवघड, म्हणून अख्खे वॉर्ड वाटावे लागतात. एका वॉर्डातून ३० रुग्ण आणि वॉर्डांतर्गत साम्य (एकाच वॉर्डातले रुग्ण एकमेकांसारखे किती याचं माप) ०.०२ धरलं तर रुग्णसंख्येचा फुगवटा १ + २९ × ०.०२ = १.५८. म्हणजे गटाला ४,५६० च्या वर रुग्ण, १५३ वॉर्ड. दोन गटांचे मिळून तीनशेहून जास्त.

हे एका पीएचडीत होत नाही, तीन वर्षांच्या एका अनुदानातही नाही. म्हणून पानावर प्रश्नाचे तुकडे दाखवा. पहिल्या वर्षी वीस वॉर्डांत बेडसोरचं खरं प्रमाण आणि वॉर्डांतर्गत साम्य मोजणं. वरचे ८ टक्के आणि ०.०२ मी धरलेत, मोजलेले नाहीत. सोबत दोन परिचारिका एकाच जखमेला तोच टप्पा देतात का याची तपासणी. वेळापत्रक खरंच पाळलं जातं का याचा छोटा अभ्यास. हे तिन्ही प्रबंधाच्या मापाचे आहेत, आणि सगळ्यांनी तीच व्याख्या व तोच फॉर्म वापरला तर मोठ्या चाचणीचा पाया होतो. चाचणी मग वॉर्डांच्या जाळ्याकडे.

अडगळ

एक साधा प्रश्न. पाच वर्षांत यादीचं काय झालं हे कसं कळणार?

ग्रंथकीटक

यादी जाहीर करतानाच एक छोटी सारणी उघडी ठेवा. प्रश्नाचा क्रमांक, पुराव्याची स्थिती व तपासल्याची तारीख, कुणी हाती घेतला, पैसे कुणाचे, नोंदणी क्रमांक, निकाल. वर्षातून एकदा भरायची. अडीच-तीन वर्षांनी मधली तपासणी: उत्तर मिळालेले काढा, कुणीच न शिवलेल्यांपुढे कारण लिहा. प्रश्न अवघड होता, पैसे नव्हते, की मुळात कुणाला नकोच होता?

अकराव्यापासून खालचे प्रश्नही गुणांसकट छापा. ते पडून राहतात असं नाही; विद्यार्थी विषय शोधताना तेच चाळतात. आणि पद्धतीचा अहवाल लिहिताना २०१९ ची रीप्राइज मार्गदर्शिका समोर ठेवा, अग्रक्रम ठरवण्याच्या अभ्यासांत काय काय सांगायचं ते तिच्यात आहे.

रात्रपाळी

त्या सारणीत एक रकाना वाढवा: मूळ उत्तराचे क्रमांक. "दोघी आणि चाळीस" हे कुठल्या फॉर्मवर होतं, त्यातून कुठले तीन प्रश्न झाले, त्यांतला कुठला कितव्या पायरीवर गळाला, हे मागे जाऊन बघता यायला हवं. फॉर्म भरणारीने विचारलं तर दाखवता येईल.

ग्रंथकीटक

बरोबर. पत्रक छापताना जागा वाचवायला तोच रकाना आधी काढतात, म्हणून तो मूळ फाइलमध्ये पहिला ठेवा.